चिमट्यातली पानं

अश्विनीला पुस्तकांचं वावडं नव्हतं. बी.एस्सी. झालेली होती, माहेरहून आलेल्या कपाटात अख्खा एक कप्पा पुस्तकांचा होता, आणि "आमच्या सुनेला वाचायला लई लागतं" असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या तेव्हा त्यात निम्मं कौतुक आणि निम्मी तक्रार असायची. वावडं होतं ते एकाच पुस्तकाचं. घरात त्याला सगळे 'जहाज' म्हणायचे.

जहाज सासऱ्यांचं. भागवतआप्पा चौतीस वर्षं प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते. पाण्याचं आवर्तन सुटलं की सायकल घेऊन पाटाच्या कडेकडेनं फिरायचं, कुणाच्या चारीला किती पाणी गेलं, कुणी परस्पर चारीचं दार उचललं ते बघायचं, आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन घरी यायचं. त्या नोकरीत कधीतरी कुठल्याशा वाचनालयानं रद्दीत काढलेलं हे जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती लागलं. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजांची लढाऊ गलबतं, तोफा, वादळं, आणि या सगळ्यांत ताठ उभा असलेला कप्तान थॉर्नली. भाषांतर साठएक वर्षांपूर्वीचं, बांधणी सुटलेली, वरून खताच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर. आप्पांनी ते किती वेळा वाचलं होतं याचा हिशेब त्यांनाही नव्हता. समुद्र मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. एकदा खात्याची सहल अलिबागला निघाली होती, पण नेमकं त्याच आठवड्यात पाणी सुटलं.

त्यामुळे ते नातीला समुद्र समजावून सांगायचे तो असा:

"आपलं शेततळं हाय ना? तसली दहा हजार शेततळी घ्यायची. मधले बांध काढून टाकायचे. आन् खाली प्लॅस्टिकचा कागद न्हाई."

"कागद नाही तर पाणी मुरत नाही का, आप्पा?" ज्ञानदा विचारायची. ती साडेसात वर्षांची, दुसरीतली. तिला सगळे ज्ञानू म्हणत.

"मुरून मुरून जाईल कुठं? खाली बी पाणीच."

"आणि भरती म्हणजे?"

"आवर्तन. रोज दोन टायमाला."

"कोण सोडतं?"

"चंद्र."

"त्याला अर्ज द्यावा लागतो?"

"न्हाई गं बाई," आप्पा उसासा टाकून म्हणायचे, "तिथं सगळ्यांना सारखं मिळतं."

स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता अश्विनी हे ऐकायची. हसू यायचं, आणि हसता हसताच तिची नजर खिडकीतून बाहेर जायची. खिडकीसमोर डाळिंबाच्या सहा ओळी, आणि त्यांच्यापलीकडे शेततळ्याचा उंच बांध.

देवळालीपासून चार किलोमीटरवरच्या या वस्तीवर अश्विनी लग्न होऊन आली तेव्हा शेततळं नव्हतं. ज्ञानू तीन वर्षांची असताना ते खोदलं गेलं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, सोळा फूट खोल, आत सगळीकडे काळा प्लॅस्टिकचा कागद. तो कागद ओला झाला की त्यावर माणसाचा पाय ठरत नाही, आणि आत घसरलेल्याला धरायला काही नसतं. हे अश्विनीला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्या दिवसापासून तिचं अर्धं लक्ष कायम त्या बांधावर असे. ती नगरला सावेडीत वाढली. तिथं एक दिवसाआड नळ यायचा, आणि पाण्याची भीती म्हणजे ते संपेल एवढीच भीती. इथं ते सोळा फूट साठून राहिलेलं होतं. तिनं नवऱ्याच्या, रविराजच्या, मागे लागून तळ्याला तारेचं कुंपण करून घेतलं, फाटकाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडायला लावले. राहुरीत ठिबकचं दुकान चालवणारा रविराज गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या तळ्याला जेवढा बंदोबस्त आहे तेवढा धरणाला नाही."

अशा बाईच्या घरात, एप्रिलच्या सकाळच्या शाळेतून पोरगी साडेअकराला घरी येते, आणि दुपारी तीन वाजता पडवीत आजोबा तिला पाण्याच्या गोष्टी वाचून दाखवतात. पोरगी पलंगावर उभी राहून "शिडं सोडा!" म्हणून ओरडते आणि आजीच्या धुतलेल्या लुगड्याचं शीड करते. अश्विनीला झोप कशी लागावी?

"अहो, आप्पांना सांगा ना जरा," ती रविराजला म्हणाली. "दुसरं काहीतरी वाचा म्हणावं. डोंगराबिंगराचं."

"डोंगराचं वाचलं तर पोरगी डोंगरावरून पडेल म्हणशील."

"आपल्याकडे डोंगर नाहीये. तळं आहे."

"मग तूच सांग. पण आधी वाच तरी. न वाचता वाईट म्हणालीस तर आप्पा ऐकायचे नाहीत."

हे बरोबर होतं. म्हणून एका मंगळवारी, पोरगी शाळेत असताना, अश्विनीनं कुकर लावला आणि ओट्याला टेकून जहाज उघडलं. हातात पेन्सिल घेतली. उद्देश स्वच्छ होता: दोष काढायचे.

दोष पहिल्या पानापासून मिळायला लागले. कप्तान थॉर्नली तोफांच्या धुरातसुद्धा पांढरे हातमोजे घालायचा. 'कप्तानाने ओठ मिटून घेतले. परंतु त्याच्या नेत्रांत वारा होता.' अश्विनीनं समासात लिहिलं: कचरा गेला असेल. अडतीसाव्या पानावर त्याची वाग्दत्त वधू रुमाल हलवत बंदरावर उभी राहिली, आणि पुढची अडीचशे पानं ती तिथून हललीच नाही. अश्विनीनं लिहिलं: हिला घरी काही कामं नव्हती का? खलाशांच्या आया सगळ्या मिळून तीन ओळींत आटोपल्या होत्या. 'मातांनी अश्रू पुसले आणि गलबताने नांगर उचलला.' तिथं तिनं काही लिहिलं नाही. पेन्सिलीचं टोक नुसतं दाबून धरलं.

आणि मग, साठाव्या पानाच्या आसपास, धुकं पडलं. इतकं दाट की डोलकाठीचा शेंडा दिसेना. सगळ्यांनी श्वास रोखून धरलेला, कुणी खोकायचंसुद्धा नाही असा हुकूम, आणि त्या पांढऱ्या शांततेत अगदी जवळून, जणू पलीकडच्या खोलीतून, परक्या भाषेतलं बोलणं ऐकू आलं. शत्रूचं गलबत हातभर अंतरावर उभं होतं, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं.

"अश्विनी," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. मुक्ताबाई त्यांचं नाव. अश्विनी त्यांना आत्या म्हणायची. "किती शिट्ट्या झाल्या गं?"

"दोन, आत्या."

"मी बाहीर बसून सात मोजल्या. डाळ शिजवतीस का डाळीचं पाणी करतीस?"

त्या दिवशी सगळ्यांनी पेजेसारखी आमटी भुरकली. ताटावरून उठताना आप्पा एवढंच म्हणाले, "धुक्यापर्यंत आलीस वाटतं."

पुढचे चार दिवस अश्विनीची मोठी पंचाईत झाली. तिला ते पुस्तक आवडत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं. कप्तानाचा तिला राग यायचा. वाऱ्याची दिशा त्याला माहीत, ताऱ्यांची नावं माहीत, शत्रूच्या तोफा किती पौंडाच्या ते माहीत, पण स्वतःच्या खलाशाचं नाव त्याला तो खलाशी मेल्यावर विचारून घ्यावं लागायचं. आणि हाच माणूस, शीड फाटलेलं, सुकाणू तुटलेलं, पाणी तळात शिरतंय अशा वेळी शांतपणे चहा मागवायचा, तेव्हा अश्विनीला वाटायचं, देवा, यातलं चमचाभर आपल्यात असतं तर! इथं पोरगी पाच मिनिटं दिसली नाही तर आपला आवाज देवळालीपर्यंत जातो.

एकशे बाराव्या पानावर टॉम हेली पडला.

टॉम हेली पुस्तकातला सगळ्यांत लाडका माणूस. साधा खलाशी, सारखा गाणारा, कप्तानालाही न घाबरणारा. निवांत दुपार होती, समुद्र तेलासारखा शांत. शीड गुंडाळताना त्याचा हात सुटला आणि तो पाण्यात पडला. गलबतापासून तीन वल्ह्यांच्या अंतरावर. वर आला, हात केला, खाली गेला. पुन्हा वर आला. गलबतावर दोनशे माणसं कठड्याला ओणवी झाली होती, आणि त्यांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. होडी खाली सोडेपर्यंत पाणी पुन्हा सपाट झालं होतं. मग कप्तानानं हातमोजे चढवले आणि प्रार्थना म्हटली. 'सागराने आपला वाटा घेतला होता.'

अश्विनी ओट्याशी उभी राहून रडली. मग तिला स्वतःचाच राग आला. मग तिनं अंगणात जाऊन दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले, आणि एकशे बारा ते एकशे अठरा ही पानं चिमट्यांत करकचून बंद केली. लागलंच आहे काम हाताला, तर पुढचं चाबकाच्या फटक्यांचं प्रकरण, पाय कापण्याचं प्रकरण आणि शेवटच्या लढाईतली निम्मी पानं, हेही चिमट्यांत गेलं. एकूण अकरा चिमटे. गुलाबी, निळे, दोन पिवळे. पुस्तक साळिंदरासारखं दिसायला लागलं.

ते तिनं आप्पांपुढे ठेवलं. "आप्पा, वाचा तुम्ही. माझी काही ना नाही. फक्त चिमटा लावलेलं वाचायचं नाही. ती लहान आहे अजून."

आप्पांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "हे तर सगळंच जप्त केलंस."

"एवढंच."

"बरं," आप्पा म्हणाले. "शब्द दिला. चिमटा आला की दार बंद. आपल्या हातून बंद दार कधी उचललं गेलं न्हाई."

आणि ते खरं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही सांगण्यावरून बंद दार उचललं नव्हतं. मग चिमटा तो किती! अश्विनी निश्चिंत झाली. तक्रार एकट्या मुक्ताबाईंची होती. "त्या कप्तानापायी माझं लुगडं वाऱ्यानं उसात गेलं. त्याला म्हणावं, ये आन् शोधून दे."

दहा-बारा दिवस बरे गेले. शाळेला सुट्टी लागली. पडवीतून वाचनाचा आवाज यायचा, मधे थोडी शांतता पडायची, पान उलटल्याचा आवाज व्हायचा आणि आप्पा पुन्हा सुरू करायचे. ज्ञानू एकदाही रडली नाही, एकदाही घाबरून उठली नाही. अश्विनीला वाटलं, जमलं आपल्याला.

मग एके सकाळी ती अंगणात बसून ज्ञानूच्या वेण्या घालत होती. केसांत गुंता होता. पोरगी वळवळत होती आणि वळवळ चुकवण्यासाठी बडबडत होती.

"आई, शेततळ्यात पडलं ना, तर घाबरायचं नाही."

अश्विनीचा कंगवा थांबला. "काय?"

"हात-पाय हलवायचे नाहीत. नुसतं आडवं व्हायचं आणि गाणं म्हणायचं. पाणीच आपल्याला उचलतं आणि कडेला आणून सोडतं."

"कोणी सांगितलं तुला?"

"टॉम हेलीचं तसंच झालं ना! तो पडला, मग आडवा झाला, मग पाण्यानं त्याला एका बेटावर नेऊन सोडला. तिथं त्यानं रसवंती टाकली."

"रसवंती?"

"उसाची. लिंबू-आलं घालून." ज्ञानूनं मान वळवून आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना, तेव्हा तिनं पुरावा दिला. "खरंच! मी कुंपणावरून माझी एक चप्पल टाकून बघितली तळ्यात. आली ना कडेला. फक्त मला काढता नाही आली, कुलूप होतं."

अश्विनीनं वेणी अर्धवट सोडली. पोरीचा दंड एका हातात धरून ती डाळिंबांमधून तळ्यापर्यंत चालत गेली. कुंपणाच्या आत, काळ्या कागदाला चिकटून, पाण्याच्या काठावर लाल चप्पल हलत होती. अगदी आज्ञाधारकपणे, कडेला येऊन. अश्विनी जुडग्यातून किल्ली काढायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की किल्ली काढायची गरजच नाही. तिला चप्पल नको होती.

पडवीत आप्पा चहा पीत बसले होते. अश्विनी त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. तिचा आवाज उलट इतका खाली गेला की आप्पांनी कप खाली ठेवला.

"आप्पा, टॉम हेलीनं रसवंती टाकली?"

आप्पा पोरीकडे बघायला लागले. पोरीनं मान डोलावली.

"त्याचं काय झालं," आप्पा चाचरत म्हणाले, "एकशे अकराव्या पानावर तो हुता. गात हुता. मंग चिमटा. चिमट्यानंतर तो न्हाईच. पोरगी इचारती, आप्पा, टॉम हेली कुठं गेला? आता मी काय सांगू? दार तर उचलायचं न्हाई. पोरगी लहान हाय म्हणालीस. मंग मी त्याला... उतरवला. एका बेटावर."

"पाणी उचलतं म्हणालात तुम्ही तिला. आपोआप."

"तसं म्हणालो खरं." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला वाटलं गोष्ट हाय."

"तिनं चप्पल टाकून बघितली, आप्पा. पुढच्या वेळी काय टाकणार होती?"

आप्पांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं पाण्याच्या काठानं चाललेला माणूस. पाटातून वाहत आलेली माणसं त्यांनी स्वतःच्या हातानं काढली होती, पण ते अश्विनीला कधी सांगितलं नव्हतं. आणि तेवढ्यात अश्विनीला कळलं की रसवंती आप्पांनी टाकली असली तरी जागा तिनंच मोकळी करून दिली होती.

मुक्ताबाई गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "एक चांगला बुडालेला माणूस तुमी दोघांनी मिळून वर काढला," त्या म्हणाल्या. "आता पुन्ना बुडवा त्याला. काय करता!"

अश्विनीनं जहाज आणलं. ज्ञानूला मांडीवर घेऊन बसली, अर्धी वेणी सुटलेलीच, आणि एकशे बाराव्या पानावरचा गुलाबी चिमटा काढला. आप्पा उठायला लागले तर म्हणाली, "बसा, आप्पा. तुम्हीपण ऐका."

ती वाचत गेली. तेलासारखा समुद्र आला, सुटलेला हात आला. तीन वल्ह्यांचं अंतर आलं तेव्हा ज्ञानूनं विचारलं, "म्हणजे किती?" आणि अश्विनीनं पडवीपासून तुळशीपर्यंत बोट दाखवलं. तो वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. मग पाणी सपाट झालं. हातमोज्यांचं वाक्य मात्र तिनं गाळलं. ते तिला खरंच सहन होत नव्हतं.

ज्ञानू रडली नाही. ती रागावली. "आप्पा खोटं बोलले."

"व्हय," आप्पा म्हणाले.

"आणि त्याला पोहता येत नव्हतं?"

"नव्हतं," अश्विनी म्हणाली.

"समुद्रावर राहायचा ना पण तो?"

"हो."

"आणि कप्तानाला?"

"त्यालाही नसावं. लिहिलेलं नाही."

मग पोरीनं विचारलं, "आई, तुला येतं?"

आप्पांनी दुसरीकडे पाहिलं. अश्विनी पुस्तक मिटायला लागली. सोळा फूट खोल पाण्यापासून तीस पावलांवर ती साडेचार वर्षं राहत होती. कुंपण, कुलूप, चार दोर, सगळं तिनं केलं होतं. पोरगी पाण्यात पडली तर ती काय करणार, हा विचार तिनं रोज केला होता आणि रोज एकाच ठिकाणी सोडून दिला होता: काठावर, हात पसरून, ओरडत. कठड्याला ओणव्या झालेल्या त्या दोनशेंसारखी.

"नाही येत," ती म्हणाली.

"मग टॉम हेलीला हसू नकोस," ज्ञानू म्हणाली. खरं तर हसलं कुणीच नव्हतं.

तेव्हा मुक्ताबाईंनी सूप बाजूला सारलं. "परवा पाटाला पाणी सुटतंय. आपल्या विहिरीला चढंल. सोमवारपासून दोघींना मी घालते पाण्यात."

"तुम्ही?" अश्विनीच्या तोंडून निघून गेलं.

"का? मी काय तुमच्या कप्तानासारखी हाय? बारा वर्षांची असताना माहेरच्या विहिरीत मी वरच्या काठावरून सूर मारायचे. नऊवारी घालून." मग नवऱ्याकडे हनुवटीनं खूण करून म्हणाल्या, "यांना इचार. लग्न ठरवायला आले तवा मी पाण्यातच हुते. चहा थंड झाला, म्हातारे खोळंबले."

आप्पा एवढ्या सगळ्यातही लाजले.

सोमवारी विहिरीवर अर्धी वस्ती जमली असती; मुक्ताबाईंनी सगळ्यांना हाकलून लावलं. विहीर रुंद, दगडी बांधकामाची, आतून पायऱ्या. पाटाचं पाणी मुरून ती सात पायऱ्या वर आली होती. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावून, दोन ज्ञानूच्या पाठीला आणि चार अश्विनीच्या. "आमच्या वेळी वाळका भोपळा असायचा," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुझ्या अंगाला तेवढा भोपळा तालुक्यात मिळायचा न्हाई." ज्ञानूच्या कॅनची दोरी अश्विनीनं स्वतः बांधली. चार गाठी मारल्या. मग पाचवी.

रविराजनं दुकानातून फोन केला. "काय म्हणतंय आरमार?"

"आरमाराची अडमिरल पायरीला धरून हाय," आप्पांनी कळवलं. ते वरच्या पायरीवर कासरा हातात घेऊन बसले होते. कासऱ्याचं दुसरं टोक ज्ञानूच्या कमरेला. हे काम त्यांनी मागून घेतलं होतं.

पोरगी तिसऱ्या दिवशी पाय मारायला शिकली. अश्विनी तिसऱ्या दिवशी पायरी सोडून पंपाच्या पाइपाला धरायला शिकली. पाणी हनुवटीला लागलं की तिच्या डोळ्यांसमोर नको ते यायचं. मुक्ताबाई लुगड्याचा काचा मारून तिच्याभोवती बदकासारख्या फिरायच्या. "हात सोड. कॅन हायेत ना? अगं, तू बुडायचं म्हणलीस तरी बुडायची न्हाईस, चार हायेत!" अश्विनीला ते पटायचं. हाताला पटायचं नाही.

दुपारी ती जहाज वाचायची. आता चिमटे नव्हते. शेवटची लढाई तिनं ज्ञानूला सलग वाचून दाखवली. डोलकाठी कोसळली तेव्हा दोघी किंचाळल्या आणि आप्पा, ज्यांना प्रत्येक शब्द पाठ होता, तेही पुढे सरकून बसले. कप्तानाला अश्विनीनं माफ केलं नाही. एकशे सतराव्या पानाच्या समासात तिनं बारीक अक्षरात लिहिलं: दोनशे माणसं, सहा महिने मोकळा समुद्र, आणि कुणालाच शिकावंसं वाटलं नाही? आप्पांनी ते वाचलं. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "चाळीस वर्षं वाचतोय, हे माझ्या कसं ध्यानात आलं न्हाई!" आणि मग जरा दुखावल्यासारखं, "पण धुकं चांगलं हाय का न्हाई?"

"धुकं फारच चांगलं आहे, आप्पा," अश्विनी म्हणाली. ते अगदी खरं होतं.

नवव्या दिवशी मुक्ताबाईंनी जाहीर केलं, "पोरीचे कॅन सोडा."

अश्विनी त्या वेळी पाण्यात होती, पाठीला चार कॅन, एका हातानं पायरी धरून. "आजच?"

"कालच सोडायला पायजे हुते. कॅन नुसते मिरवतीये ती. सोड, तूच बांधलेत."

ज्ञानू पायरीवर पाठमोरी बसली. भिजून दोरी आवळलेली, गाठी दगडासारख्या झालेल्या. अश्विनीनं एका हातानं सोडवायचा प्रयत्न केला. मग पायरीला कोपर अडकवून दोन्ही हातांनी. मग दातांनी. एक सुटली, दुसरी सुटली. आप्पा वरून बघत होते, कुणी "कापून टाक" म्हणालं नाही. पाचवी गाठ सुटली तेव्हा पोरीच्या पाठीवर दोरीचे लाल वळ दिसले. अश्विनीनं त्यांवरून बोट फिरवलं.

"हाताला धरून हळूच उतर," ती म्हणाली.

"हळूच नाही," ज्ञानू म्हणाली, आणि उडी मारली.

पाणी उडालं, पसरलं. आप्पांच्या हातातला कासरा सळसळत गेला. एक. हिरवं पाणी, वर बुडबुडे. दोन. अश्विनी बुडबुड्यांवर डोळे लावून मोजत राहिली. तीन, आणि ज्ञानूचं डोकं वर आलं, पलीकडे, विहिरीच्या मधोमध, केस तोंडावर, पाणी थुंकत.

"आई! तू मोजत होतीस ना? किती झाले?"

"तीन."

"खोटं! मी खाली पाचपर्यंत मोजलं!"

"तीनच झाले गं बाई, मी बघत—" अश्विनी बोलता बोलता थांबली. पोरीचं तोंड इतक्या जवळ कसं दिसतंय, पापण्यांवरचं पाणीसुद्धा दिसतंय, हे तिला कळेना. तिनं मागे पाहिलं. पायरी चार हात मागे राहिली होती. तिचे दोन्ही हात पाण्यात पसरलेले, पोरीच्या दिशेनं, आणि खाली पायांना काहीही लागत नव्हतं.

"आत्या!" ती किंचाळली.

"वरडू नको," मुक्ताबाई शेजारून म्हणाल्या. "आलीच हायेस इतक्या लांब, तर आता पाय मार."